न दुखणारी धार

आमच्या गाळ्यात खंडेनवमीची आरती झाली की सगळे जमिनीवर बसतात आणि देवीकडे पाय करतात. तळवे वर, बोटं ताणलेली. मालकापासून पॅकिंगवाल्यापर्यंत कुणालाही त्यातून सूट नाही. बाहेरचं कुणी आलेलं असेल तर त्याच्या हातातला पेढा हातातच राहतो. एकदा मालकांचे साडू आले होते, ते हे दृश्य बघून प्रसाद न घेताच निघून गेले. त्यांची चूक नाही. लहानपणी झोपताना माझे पाय देव्हाऱ्याकडे झाले तरी आई फटका मारायची, आणि ही पद्धत तर मीच पाडलेली आहे. आज आई असती तर तिने मला घरात घेतलं नसतं.

ती का पाडली ते सांगायला बसलेय, पण त्याआधी आम्ही काय बनवायचो ते सांगायला हवं. नोकरीत होते तोवर मी ते नातेवाइकांनाही धड सांगितलं नाही. "स्पेअर पार्ट" म्हणायचे. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी कारखान्यांचे गाळे आहेत, त्यातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा. खालच्या मजल्यावर पंपाचे वॉशर, शेजारी बिस्किटांची खोकी, आणि मधे आम्ही. आम्ही ब्रॉडहेड बनवायचो. म्हणजे बाणाच्या पुढे लावायचं पात्यांचं टोक. आपल्याकडे शिकारीला बंदी, त्यामुळे सगळा माल परदेशी जायचा. तिकडे लोक हौसेने धनुष्यबाण घेऊन जंगलात जातात आणि हरणं मारतात.

माझं काम फायनल इन्स्पेक्शनचं. तयार झालेलं प्रत्येक टोक माझ्या टेबलावरून जायचं. "चांगलं कसं ओळखता?" असं आता निवृत्त झाल्यावर लोक विचारतात. पहिल्यांदा हे लक्षात घ्या की बंदुकीची गोळी धक्क्याने मारते आणि बाण फक्त कापतो. आतल्या रक्तवाहिन्या कापल्या जातात, रक्त जातं आणि जनावर पडतं. त्यामुळे टोक दिसायला कितीही अक्राळविक्राळ असलं तरी उपयोग नाही. ते आधी सरळ हवं. मी टोक अंगठ्याच्या नखावर उभं धरून भोवऱ्यासारखं फिरवायचे. जरा जरी थरथरलं तरी बाजूला, कारण थरथरणारं टोक बाणाला भलतीकडे नेतं. मग वजन. मग मजबुती, हाडाला लागलं तर पातं वाकता कामा नये, तुटता तर मुळीच नये. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात महत्त्वाची, धार.

धार तपासायला माझ्याकडे एक लाकडी चौकट होती, तिच्यावर ताणून बसवलेले रबरबँड. पातं रबरावर टेकवायचं. रबर आधी दबलं आणि मग तुटलं तर पातं नापास. रक्तवाहिनी रबरासारखीच असते. बोथट पात्यापुढून ती सरकून जाते आणि जनावर जखम घेऊन दिवसचे दिवस कण्हत फिरतं. चांगलं पातं टेकलं की रबर दबत नाही. त्याचे नुसते दोन तुकडे झालेले असतात.

अशी धार आमच्याकडे एकट्या परबांच्या हाताला होती. परब मालवणकडचे, वडील गिरणीत होते, हे ग्राइंडिंगला, म्हणजे पात्यांना धार लावायला आले आणि तिथेच म्हातारे झाले. अंगाने काटकुळे, तोंडाने तिखट. एकदा गोरेगावच्या स्टुडिओतून एक जण आला. त्याला पौराणिक मालिकेसाठी बाणांची टोकं हवी होती. म्हणाला, "साइज मोठी करा, चमक झकास पाहिजे, पण धार अजिबात नको."

परबांनी मशीन बंद केलं. चष्मा कपाळावर सरकवला. "धार नको तर माझ्याकडे कित्याक इलास? भांड्याच्या दुकानात जा. थय चमचे गावतत."

तो माणूस खरंच गेला. मालक भरतभाई आठवडाभर धुमसत होते, पण परबांना बोलायची त्यांची छाती नव्हती.

परबांनीच गाळ्यात एक रीत घातली होती. चहाला, जेवायला, घरी जाताना, दर वेळी ते दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "हात दाखवा." शाळेत नखं तपासतात तसे आम्ही दोन्ही हात पुढे करायचो. वर, मग उलटे. नव्या माणसाला हसू यायचं. माझंही पहिल्या आठवड्यापर्यंत हसून झालं. मग एका दुपारी मी नंदाशी गप्पा मारत चहा पीत होते. नंदा जुळणी करायची, माझ्या वयाची, माझ्याच टेबलासमोर बसायची. बोलता बोलता ती गप्प झाली आणि माझ्या कपाकडे बघत राहिली. कपाचा कान लाल झाला होता. थेंब बशीत पडत होते, बशीतून साडीवर. माझा अंगठा उघडा पडला होता आणि माझा अर्धा कप चहा पिऊन झाला होता. मला काहीही झालं नव्हतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. त्या दिवसापासून मी न सांगता हात पुढे करू लागले.

बोथट सुरी लागली की माणूस ओरडतो. परबांच्या पात्याने कधी कुणी ओरडलं नाही.

आमचं मुख्य गिऱ्हाईक डेल नावाचा अमेरिकन होता. वर्षातून एकदा यायचा, पवईला तलावाकाठच्या हॉटेलात उतरायचा आणि दिवसभर आमच्याकडे बसायचा. लालबुंद, प्रचंड, आवाज मात्र देवळात बोलल्यासारखा. एकदा मी त्याला विचारलं की बाण लागल्यावर नक्की काय होतं. भरतभाई मधे दुभाषे. डेलने परबांचं एक पातं उचलून माझ्या रबरावर टेकवलं, दोन तुकड्यांकडे बघितलं आणि सांगितलं.

"हलका माल असला तर हरीण किंचाळतं, धावत सुटतं. हा माल असला तर ते नुसतं दचकतं. चार पावलं जातं, थांबतं, मागे वळून बघतं. माशी चावली असेल असं त्याला वाटतं. मग ते पुन्हा चरायला लागतं."

"मग मरतं कसं?" मी विचारलं.

भरतभाईंनी डेलचं उत्तर ऐकलं. मग म्हणाले, "बोलता है, उसको नींद आती है, शैलाबेन."

डेल पुढेही बोलत होता. अशा वेळी शिकाऱ्याने जागचं हलायचं नसतं. मागे धावलात, आवाज केलात, तर ते पळतं, आणि पळालं की उरलंसुरलं रक्त भराभर जातं. मग ते कुठल्या कुठे झाडीत जाऊन पडतं आणि सापडत नाही. शांत राहायचं. त्याला कळू द्यायचं नाही. मग जमिनीवरचे थेंब बघत सावकाश जायचं.

 खिडकीबाहेर डोंगर होता, राष्ट्रीय उद्यानाचा, हिरवागार. त्या दिवशी मी त्याच्याकडे पाठ करून काम संपवलं.

खंडेनवमीला आमच्याकडे अर्धा दिवस. सकाळी गाळा धुवायचा, मशिनांना झेंडूचे हार, प्रत्येक यंत्राला कुंकवाची पाच बोटं. देवीच्या तसबिरीपुढे अवजारं मांडायची आणि मधोमध एका ताटात वर्षभरातला सगळ्यात चांगला माल. एरवी टोकं प्लॅस्टिकच्या टोपणात असतात, पण देवीपुढे टोपण घालून काय ठेवायचं, म्हणून त्या दिवशी ती उघडी. आणि एरवी बूट घातल्याशिवाय आत पाऊल टाकू न देणारे परब त्या दिवशी सगळ्यांना अनवाणी आत घ्यायचे. देवीपुढे वहाणा चालत नाहीत. पूजाही तेच सांगायचे, वयाने मोठे म्हणून. लोक आपापले मोबाइलसुद्धा पूजेला ठेवायचे, हल्ली तेही हत्यारच झालंय.

ही गोष्ट ज्या वर्षाची, त्या वर्षीही सगळं तसंच झालं. आरती झाली, नारळ फुटला, कुंकवाचं पाणी शिंपडलं, पेढ्यांचे बॉक्स वाटले, सगळे हसतखेळत गेले. कुणी हात दाखवले नाहीत. काम झालंच नव्हतं, तर हात कशाला दाखवायचे?

मी आणि नंदा आवरायला थांबलो. मी ताट उचललं आणि सवयीने एक टोक नखावर घेतलं. ते थरथरलं. असं टोक मी देवीपुढे ठेवणं शक्यच नव्हतं. नीट बघितलं तर तीनपैकी एक पातं जागेवर नव्हतं. टोक बाणावर पिळून बसवलं की ही पाती पक्की होतात. तोवर त्यांना नुसत्या एका कडीचा आधार असतो. हळदकुंकू वाहताना धक्का लागून कडी सरकली असणार.

"नंदा, पाय हलवू नकोस," मी म्हटलं. "पातं खाली आहे."

"वाट लागली," नंदा म्हणाली आणि होती तिथे दगडासारखी उभी राहिली. आम्ही दोघी अनवाणी होतो.

वाकून वाकून शोधलं. सापडलं ते देवीच्या चौरंगासमोर, एका झेंडूच्या फुलात. फूल जमिनीवर उताणं पडलं होतं आणि त्यात पातं रुतून उभं होतं, धार वर. पातं स्वच्छ होतं. मला हायसं वाटलं. नंदाने तळवे बघितले, मी माझे बघितले. दोघी धड होतो.

मग मी फरशीकडे पाहिलं. सगळीकडे कुंकवाच्या पाण्याचे शिंतोडे होते, सकाळपासून होते. पण सकाळचं कुंकू वाळून केशरी पडलं होतं आणि काही ठिपके केशरी नव्हते. ते काळपट पडत होते. ते विस्कटलेलेही नव्हते. चौरंगापासून दारापर्यंत ते एका रांगेत गेले होते, एकेका ढांगेच्या अंतराने.

"कुंकूच असेल गं," नंदा म्हणाली. मी बोट लावलं. बोटाला ते चिकटलं.

चौरंगासमोर उभं राहणारा माणूस एकच. परबांना साखर होती. पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, असं ते हसून सांगायचे. शिवाय हृदयात स्प्रिंग बसवल्यापासून त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. त्यांचं रक्त आपोआप थांबणारं नव्हतं. ही गोष्ट माझ्या डोक्यात आली. मी त्यांना फोन लावला.

फोन गाळ्यातच वाजला. देवीपुढे, हारांच्या ढिगाखाली. ते पूजेला ठेवून तिथेच विसरले होते. फुलं थरथरत होती आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत उभ्या होतो.

आम्ही निघालो. दाराबाहेर, जिथे त्यांनी चप्पल घातली, तिथे वाटीभर रक्त होतं आणि त्यावर झेंडूच्या दोन पाकळ्या. तिथून पुढे जिन्यावर प्रत्येक पायरीला डाव्या चपलेच्या टाचेची चंद्रकोर. कठड्याला हात टेकल्याची खूण नव्हती, पाय ओढल्याची नव्हती. रोजच्यासारखे उतरले होते. मी आयुष्यात जंगलात गेले नाही, पण त्या जिन्यावर मला सगळं वाचता येत होतं, आणि येत होतं याचीच भीती वाटत होती.

फाटकावर वॉचमन पेढा खात बसला होता. "परबजी? अभी तो गये. एकदम खुश थे. ये देखो, पेढा दिया मेरेको." त्याच्या खुर्चीखाली ठिपका होता. त्याला कुणीतरी कुंकू सांडलं असं वाटलं होतं. सणाचा दिवस, सगळ्या रस्त्यावर लाल रंग होता, रिक्षांना कुंकू, दुकानांच्या पायऱ्यांना कुंकू. कुणाला काय वेगळं दिसणार?

कोपऱ्यावरच्या टपरीत कांताबाई चहा गाळत होत्या. "बसले होते ना," त्या म्हणाल्या. "बिनसाखरेचा घेतला. मस्त मूडमध्ये होते, गाणं गुणगुणत होते. फक्त म्हणाले, आज थंडी पडलीय का गं? मी म्हटलं, परबकाका, ऑक्टोबरचं ऊन आहे, डोकं ठिकाणावर आहे ना?" त्या हसल्या. मी बाकाखाली पाहिलं. तिथे एक कुत्रं मन लावून जमीन चाटत होतं. आम्ही आलो तरी त्याने मान वर केली नाही.

नंदाने तोंडावर हात दाबला.

परबांचं घर डोंगरावरच्या वस्तीत होतं, वर जाणाऱ्या सिमेंटच्या पायऱ्या चढून. पायऱ्यांच्या तळाशी आलो आणि ते दिसले. अर्ध्यावर पोचले होते. एका हातात पेढ्यांचा बॉक्स, दुसऱ्या हातात नातीसाठी घेतलेला झेंडूचा हार. सावकाश चढत होते, मधेच थांबत होते, आजूबाजूला बघत होते आणि पुन्हा चढत होते.

नंदाने हाक मारायला तोंड उघडलं. मी तिचा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला.

"ओरडू नकोस."

"अगं वेडी झालीस का? मरेल तो माणूस!"

"ओरडलीस तर घाबरतील, धावतील. तू रिक्षा आण. पळ."

ती गेली. मी चढायला लागले. मला धावत जाऊन त्यांना धरायचं होतं आणि मी एकेक पायरी चढत होते, रोज चढत असल्यासारखी. माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. डेलचं बोलणं कानात होतं. शांत राहायचं. त्याला कळू द्यायचं नाही. त्याने ते मारण्यासाठी सांगितलं होतं आणि मला एक माणूस वाचवायला दुसरं काही येत नव्हतं.

"परब," मी अगदी सहज म्हटलं, "थांबा की जरा. मला दम लागला."

ते वळले. चेहरा कागदासारखा पांढरा आणि त्यावर हसू. "गो शैला, तू हय खय?"

"तुमचा फोन राहिला. बसा ना थोडं."

"घराक चल. थय बस."

"नाही हो, चक्कर आल्यासारखं होतंय. बसा माझ्यापाशी."

माझ्यासाठी म्हणून ते बसले. मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले, आणि "तुमच्या चपलेला काहीतरी चिकटलंय" म्हणत त्यांचा डावा पाय माझ्या मांडीवर घेतला. चप्पल काढली. तळव्याच्या खोबणीत एक रेघ होती, पट्टीने आखल्यासारखी. मी पाय वर धरला, पदराचा बोळा त्या रेघेवर दाबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

"माका झोप येता गो," परब म्हणाले.

"झोपायचं नाही. त्या गोरेगाववाल्याला काय म्हणालात ते सांगा परत."

"चमचे," ते म्हणाले आणि हसले. मग त्यांची नजर माझ्या मांडीवर गेली, साडीवर, आणि आपण चढून आलो त्या पायऱ्यांवर. ते खाली, खाली बघत गेले. मी त्यांचा पाय घट्ट धरला. ते उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोणाचा ग्राइंडिंग?"

"तुमचंच."

"तरीच," परब म्हणाले.

रिक्षा आली. वस्तीतल्या दोन माणसांनी त्यांना उचललं. हॉस्पिटलपर्यंत मी पदर सोडला नाही. रक्त चढवलं, शीर शिवली, दोन दिवस आम्ही सगळे तिथल्या बाकांवर होतो. परब वाचले. साखरेच्या माणसाच्या पायाची जखम भरायला महिने जातात, कधी पाय जातो. त्यांची लवकर भरली. टाके घालणारा डॉक्टर म्हणाला की कडा इतक्या सरळ आहेत की काही कुस्करलेलंच नाही. चांगल्या धारेचं हे असं. ती कळू न देता मारते, आणि मारलं नाही तर खूणही फारशी ठेवत नाही.

पुढच्या वर्षी परब कामावर नव्हते, पण पूजेला त्यांना बोलावलं होतं. आरती झाल्यावर मी दार अडवून उभी राहिले. "सगळ्यांनी बसा. पाय दाखवा."

"शैलाबेन," भरतभाई कासावीस होऊन म्हणाले, "माताजीच्या सामने?"

"माताजींनीसुद्धा बघू देत," मी म्हटलं. पहिले परब बसले. त्यांनी देवीकडे पाय केले. डाव्या तळव्यात पांढरी बारीक रेघ होती, माहीत नसेल तर दिसणारही नाही. मग एकेक करून सगळे बसले, शेवटी भरतभाईसुद्धा. मी सगळ्यांचे तळवे बघत गेले. कुणाला काही लागलं नव्हतं.

उठताना परबांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. चौरंगावरच्या ताटात नव्या माणसाने धार लावलेली टोकं होती. परबांनीच त्याला शिकवलं होतं. परब ती टोकं बघत राहिले.

"बरी जमलीहत," ते म्हणाले. मग माझ्याच कानाशी, हळू आवाजात, "शैला, माका तू बसवलंस. त्या हरणांका कोण सांगता गो, खाली बघ म्हणान?"

मी ताट जवळ ओढलं. एकेक टोक नखावर फिरवून बघितलं. एकही थरथरलं नाही. मी त्यांना टोपणं घातली आणि ताट पॅकिंगकडे दिलं.